लॅब्रॅडॉर की ग्रेट डेन: खर्चाचा आणि विम्याचा हिशेब

मोठा कुत्रा पाळायचे ठरवलेल्या घरात लॅब्रॅडॉर आणि ग्रेट डेन ही दोन नावे एकाच दमात घेतली जातात. विमा कंपनीच्या लेखी मात्र हे दोन वेगळे वर्ग आहेत. साधारण ३० किलोचा लॅब्रॅडॉर ‘मोठ्या’ जातीचा, तर ५० पासून ८० किलोपर्यंत कुठेही पोहोचणारा ग्रेट डेन ‘महाकाय’ जातीचा. विमा कोणत्या वयापर्यंत मिळेल आणि कधी संपेल हे या एका शब्दावर ठरते. त्यामुळे पिल्लाची किंमत विचारण्याआधी पॉलिसीचे कलम वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन. पिल्लाची किंमत हा पुढच्या खर्चातला सर्वांत लहान आकडा असतो.

आधी खाण्याचे पाहू, कारण हा खर्च कोणताही विमा देत नाही. पशुवैद्यकातील नेहमीच्या सूत्रानुसार किलोतील वजनाचा ०.७५ घात घेऊन त्याला ७० ने गुणले की विश्रांतीच्या अवस्थेत लागणाऱ्या कॅलरी मिळतात आणि नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याच्या १.६ पट धरतात. या हिशेबाने ३० किलोच्या लॅब्रॅडॉरला दिवसाला सुमारे १,४३५ आणि ६५ किलोच्या ग्रेट डेनला सुमारे २,५६० कॅलरी लागतात. १०० ग्रॅमला ३५० कॅलरी देणारे कोरडे खाद्य घेतले, तर महिन्याला अनुक्रमे १२ आणि २२ किलो खाद्य होते. किलोचा भाव ३०० रुपये धरला, तर ३,६०० विरुद्ध ६,६०० रुपये. वजन दुपटीहून अधिक असले तरी खाणे दुप्पट होत नाही, ही त्यातली दिलाशाची बाब. शिवाय लॅब्रॅडॉर १२ वर्षे आणि ग्रेट डेन ८ वर्षे जगला असे धरल्यास आयुष्यभराच्या खाद्याचा खर्च सुमारे ५ लाख १८ हजार आणि ६ लाख ३४ हजार येतो. महिन्याच्या बिलात दिसणारी दरी येथे बरीच बुजते. अर्थात ती बुजते कुत्रा लवकर जातो म्हणून, आणि ही बचत कोणाही मालकाला नको असते.

औषधांचा हिशेब वेगळा आहे, कारण मात्रा थेट वजनावर ठरते. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड तापाचे रुग्ण दवाखान्यात नेहमीचेच असतात. त्यातील एर्लिकिया या जिवाणूच्या संसर्गावर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक किलोला १० मिलिग्रॅम या प्रमाणात २८ दिवस देतात. म्हणजे लॅब्रॅडॉरला रोज ३०० आणि ग्रेट डेनला ६५० मिलिग्रॅम. गोचिडी टाळण्यासाठी द्यायची ब्रॅव्हेक्टोची सर्वांत मोठी गोळी ५६ किलोपर्यंतच्या कुत्र्यासाठी असते; त्यापुढच्या वजनाला दोन गोळ्या मिळून मात्रा जुळवावी लागते. येथेच विम्यातली पहिली गोम आहे. गोचीड तापाचे बहुतेक रुग्ण रक्ततपासणी करून, औषध घेऊन घरी जातात, आणि पॉलिसीचे मूळ संरक्षण मात्र रुग्णालयात दाखल होण्यासाठी व शस्त्रक्रियेसाठी असते. बाह्यरुग्ण उपचारांचे जादा संरक्षण विकत घेतले नसेल, तर सर्वाधिक संभवणाऱ्या आजाराचा खर्च खिशातूनच जातो. वार्षिक लसी आणि जंतांची औषधे नेहमीच्या देखभालीत मोडतात, आणि लस न दिल्यामुळे झालेल्या आजाराचा दावा फेटाळला जातो. म्हणून लसीकरणाचे पुस्तक पॉलिसीइतकेच जपावे.

ग्रेट डेनच्या बाबतीत ज्या प्रसंगासाठी विमा खरोखर हवा, तो म्हणजे पोटात वायू भरून जठराला पीळ पडणे. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रेट डेनला आयुष्यात हा विकार होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के मांडली होती, तर रॉटवायलरला सुमारे ४ टक्के. पीळ पडल्यावर काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रा दगावतो, आणि ही वेळ बहुधा जेवणानंतर, रात्री येते. नसबंदीच्या वेळीच जठर पोटाच्या भिंतीला शिवून घेण्याची प्रतिबंधक शस्त्रक्रिया करता येते. विम्याने तिचा खर्च दिला नाही तरी ती करून घ्यावी, असे मला वाटते. लॅब्रॅडॉरचे दुखणे याच्या उलट, संथ आहे: खुबे, कोपर, गुडघ्यातील अस्थिबंध आणि या साऱ्यांना त्रास देणारे वजन. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये सुमारे पाव लॅब्रॅडॉरांत भूक न भागण्याशी निगडित जनुकीय बदल दाखवला. घरातल्या आजीने मायेने टाकलेली रोजची तूप लावलेली पोळी या कुत्र्याला किती महाग पडते, हे त्यावरून समजते.

आता वयाचे कलम. बजाज अलियान्झने २०२० मध्ये आणलेल्या श्वान विम्याच्या मूळ अटींत लहान, मध्यम आणि मोठ्या जातींना सातव्या वर्षापर्यंत प्रवेश आणि दहाव्या वर्षापर्यंत संरक्षण होते. महाकाय जातींना प्रवेश चौथ्या वर्षापर्यंत आणि संरक्षण सहाव्या वर्षापर्यंतच. ग्रेट डेनमध्ये आढळणारा हृदयाचे स्नायू पातळ होण्याचा विकार बहुधा मध्यम वयात किंवा त्यानंतर कळतो आणि त्याची औषधे आयुष्यभर, वजनानुसार द्यावी लागतात. म्हणजे औषधांचे बिल सुरू होण्याच्या सुमारास विमा संपतो. लॅब्रॅडॉरचीही शेवटची दोन वर्षे उघडीच राहतात, पण त्याआधीची लांब पट्टी झाकलेली असते. सरकारी विमा कंपन्यांच्या जुन्या धर्तीच्या श्वान विम्याचा भर मुख्यतः मृत्यूच्या भरपाईवर असतो. गाई-म्हशींच्या विम्यात हे योग्यच आहे, कारण जनावर गेले की दूध थांबते. पाळलेल्या कुत्र्याच्या मालकाला मात्र उपचाराचे पैसे हवे असतात, कुत्र्याची किंमत नव्हे.

दाव्याची पद्धतही लक्षात घ्यावी. बहुतेक वेळा बिल आधी स्वतः भरावे लागते आणि भरपाई नंतर मिळते. त्यामुळे विमा असला तरी हाताशी रोख रक्कम लागतेच. आपण राहतो ते गावही महत्त्वाचे. पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयात रात्रीच्या शस्त्रक्रियेचे बिल सहज पाच आकडी होते, तेव्हा तेथे हप्ता भरणे पटण्यासारखे आहे. परभणी, उदगीर, शिरवळ किंवा नागपूर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या चिकित्सालयाजवळ राहणाऱ्याचा खर्च बराच कमी येतो आणि विम्याचा फायदाही त्याच प्रमाणात घटतो. तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचे संरक्षण मात्र दोन्ही जातींसाठी घ्यावे. ६५ किलोचा कुत्रा प्रेमाने अंगावर आला तरी जिन्यावरचा माणूस पडू शकतो, आणि पाळीव प्राण्याबाबतचा निष्काळजीपणा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा ठरतो.

माझा कौल असा: लॅब्रॅडॉर घेत असाल, तर पिल्लू असतानाच बाह्यरुग्ण संरक्षणासह विमा घ्यावा आणि त्याच्या जोडीला महिन्याला १,५०० रुपये बाजूला ठेवावेत. ग्रेट डेनसाठी विमा हा फक्त पहिल्या सहा वर्षांचा आधार मानावा आणि महिन्याला ३,००० रुपयांचे आवर्ती खाते उघडावे. विमा संपेल तेव्हा व्याज न धरता त्यात २ लाख १६ हजार असतील. आकारमानामुळे सोडून दिलेला पाच वर्षांचा ग्रेट डेन दत्तक घ्यायचा विचार असेल, तर वर दिलेल्या अटींत त्याला विमा मिळणार नाही. त्याच्यासाठी अशी रक्कम पहिल्याच दिवशी वेगळी काढून ठेवता येत असेल, तरच त्याला घरी आणावे.