परदेशी बिऱ्हाड न्यायचंय: पूर्ण कंटेनर, वाटून घेतलेला कंटेनर, विमान की नुसत्या बॅगा?

परदेशी जायचं नक्की झालं की पॅकर्स-मूव्हर्सना फोन लागतो आणि पहिला प्रश्न असतो, "किती घ्याल?" त्याआधी घरातच दोन गोष्टी ठरवून टाका. तिकडे किती वर्षांसाठी चाललो आहोत? आणि तिकडची वीज कुठली? एवढ्यावर निम्मं सामान यादीतून गळतं.

विजेचं आधी सांगते. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. दुबई, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलियातही तेच, पिना तेवढ्या वेगळ्या. अमेरिका-कॅनडात १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तिकडे निघाला असाल तर फ्रिज, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह यांचा विचारच करू नका. मिक्सरसाठी ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो ओट्यावर कायमचा बाळगण्यापेक्षा तिकडे चालणारा ११० व्होल्टचा मिक्सर घ्यावा. युरोपात इंडक्शनच्या शेगड्या सर्रास दिसतात, आणि त्यांवर आपला साधा अॅल्युमिनियमचा कुकर तापत नाही. कुकरच्या बुडाला चुंबक चिकटत नसेल तर तो कुकर इथेच राहू द्या.

आता मार्ग. जहाजाचं भाडं जागेवर ठरतं, विमानाचं वजन आणि जागा यांतलं जे जास्त भरेल त्यावर. हा फरक नीट कळला तर कुणीही तुम्हाला भलतं पॅकेज गळ्यात मारू शकत नाही. ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा एक खोका घ्या. जहाजाच्या हिशेबात तो ०.०९ घनमीटर, म्हणजे असे अकरा खोके मिळून एक घनमीटर. त्यात पुस्तकं भरा नाहीतर उशा, भाडं तेच. विमानात हाच खोका सेंटिमीटरमधल्या मापांचा गुणाकार करून ६००० ने भागतात आणि तो १५ किलोंचा धरतात. आत ५ किलोंच्या गोधड्या असल्या तरी पैसे १५ किलोंचे, ३० किलोंची पुस्तकं असली तर ३० किलोंचे. म्हणून पुस्तकं, पितळी भांडी, पाटा-वरवंटा, पुरणयंत्र यांची जागा जहाजात. गोधड्या आणि लोकरीचे कपडे हवा काढलेल्या पिशव्यांत दाबून आपल्या बॅगांत.

पूर्ण कंटेनर, म्हणजे २० फुटी, आतून सुमारे ३३ घनमीटरचा असतो. फर्निचर रचताना फटी राहतात, त्यामुळे प्रत्यक्षात २५ ते २८ घनमीटर धरा. ठाण्यातल्या दोन बेडरूमच्या घरातलं सामान तो भरेलच असं नाही, आणि उरलेल्या रिकाम्या जागेचंही भाडं आपणच देतो. तरी त्याचा एक फायदा फार मोठा आहे. आपलं सामान एकदा आत गेलं, दाराला सील लागलं, की तिकडे पोचेपर्यंत सहसा मधे कुणी हात लावत नाही. कस्टम्सनं तपासणीला उघडायला लावलं तरच.

वाटून घेतलेल्या कंटेनरमध्ये आपण फक्त आपल्या घनमीटरांचे पैसे देतो. पण सामान आधी टेम्पोतून गोदामात, तिथून कंटेनर फ्रेट स्टेशनवर, तिथे इतरांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये आणि उतरल्यावर पुन्हा वेगळं काढून आपल्या दारी. जितके हात जास्त, तितके पोचे आणि ओरखडे जास्त. शिवाय त्याच कंटेनरमधल्या दुसऱ्या कुणाचं कागदपत्र अडकलं की तुमचंही सामान थांबतं, आणि त्यावर तुमचा काहीही इलाज नाही. एका कुटुंबाला शाळा सुरू झाल्यावरही मुलांच्या सामानाची वाट बघत बसावं लागलेलं मी पाहिलं आहे. म्हणून पहिल्या तीन महिन्यांत लागणारी एकही वस्तू या मार्गानं पाठवू नका.

दोन्हींतलं निवडायचं कसं? या धंद्यातला ढोबळ ठोकताळा असा की १३ ते १५ घनमीटरच्या पुढे सामान गेलं की पूर्ण कंटेनरचा भावही मागून बघावा. तीन माणसांचा सोफा एकटाच दोन घनमीटरच्या आसपास जातो, मोठा फ्रिज पाऊण ते एक. सोफा आणि फ्रिज सोडले की तीन घनमीटर वाचतात. बहुतेक घरांची यादी अशीच आक्रसते आणि प्रश्न आपोआप सुटतो.

इथे ठाणे आणि नवी मुंबईत थोडा फरक पडतो. नेरूळ, खारघरसारख्या सेक्टरांत रुंद रस्ते आहेत आणि न्हावा शेवा बंदर जवळ. सोसायटीनं परवानगी दिली तर ट्रेलर दाराशी उभा करून तिथेच कंटेनर भरता येतो. नौपाड्यातल्या गल्लीत हे शक्य नाही. घोडबंदर रोडवर अवजड वाहनांच्या वेळांचं बंधन सांभाळावं लागतं. तिथे सामान छोट्या टेम्पोंनी आधी गोदामात जातं आणि कंटेनर तिथे भरला जातो, म्हणजे पूर्ण कंटेनरचा 'मधे हात नाही' हा फायदा थोडा उणावतो. सर्व्हेला माणूस आला की कंटेनर कुठे भरणार हे विचारा आणि कोटेशनमध्ये लिहून घ्या. सोसायटीचं ना-हरकत पत्र आणि लिफ्टची वेळ हेही आधीच.

विमानानं माल पाठवणं महाग, पण आठवडा-दोन आठवड्यांत सामान हातात येतं. औषधांची पेटी, मुलांची लगेच लागणारी पुस्तकं, कामाची अवजारं अशा शंभरेक किलोंसाठी ठीक. घर हलवायला नाही.

बॅगांना मात्र लोक कमी लेखतात. अमेरिका-कॅनडाच्या बऱ्याच तिकिटांवर माणशी २३ किलोंच्या दोन बॅगा मिळतात, चौघांच्या मिळून १८४ किलो. त्यावर एखाद-दुसरी जादा बॅग आधीच ऑनलाइन घेतली तर ती हवाई मालापेक्षा स्वस्त पडू शकते, आणि कस्टम्सचे वेगळे सोपस्कारही नाहीत. दोन-तीन वर्षांच्या नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्यांना मी हेच सांगेन: बॅगा घ्या, उरलेलं विका किंवा गावच्या घरी ठेवा. वापरलेला सोफा अटलांटिकपलीकडे नेण्याइतका कंपनीचा करार लांब नसतो.

कायमचं जाणार असाल तर माझं मत वेगळं. चार-पाच घनमीटर वाटून घेतलेल्या कंटेनरनं न्यावेत आणि त्यात फक्त तिकडे न मिळणारं भरावं: आईची पितळी भांडी, पुस्तकं, हार्मोनियम, देव्हारा, मुलांच्या लहानपणाच्या वस्तू. पूर्ण कंटेनर दोघांसाठीच. एक, ज्यांचा खर्च कंपनी देते. दोन, ज्यांच्याकडे खरोखर चांगलं सागवानी फर्निचर आहे आणि तिकडे ते मावेल एवढं घर आहे. दुबईचं गणित त्यातही निराळं: न्हावा शेवाहून जेबेल अलीला जहाज आठवड्याच्या आत पोचतं, वीजही आपलीच, त्यामुळे तिथे उपकरणं नेणं परवडू शकतं. युरोपच्या बाबतीत वेळ सढळ हातानं धरा. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि त्या वळशात दीड-दोन आठवडे जास्त जातात.

देव्हाऱ्याबद्दल थांबून सांगायला हवं. सागवानाला अडचण नाही. शिसवी असेल तर ते लाकूड साईट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे वस्तूचं वजन आणि लागणारे कागद आधी तपासा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती-कलावस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाची हस्तलिखितं देशाबाहेर नेता येत नाहीत. पणजोबांच्या हातची पोथी असेल तर ती भावाकडे सोपवा. वस्तू जुनी दिसते पण तितकी नाही अशी शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं 'पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र मिळतं. मोरपिसं काढूनच ठेवा, त्यांच्या निर्यातीवर बंदी आहे.

त्या-त्या देशाचे नियमही मार्ग ठरवतात. कॅनडात पहिल्यांदा उतरताना, सोबत आणलेल्या आणि मागून येणाऱ्या सामानाची यादी तिथल्या अधिकाऱ्याला द्यावी लागते. मागून येणाऱ्या वस्तू तेव्हा लिहिल्या नाहीत तर पुढे त्यांच्यावर कर लागू शकतो. ब्रिटनमध्ये करमाफीचा अर्ज सामान पोचण्याआधी मंजूर करून घ्यावा. वस्तू किमान सहा महिने तुमच्या वापरात असाव्या लागतात. अमेरिकेत घरगुती सामानासाठी हीच अट एक वर्षाची आहे. म्हणून निघण्याच्या तोंडावर हौसेनं नवं फर्निचर घेऊ नका, त्याच्यावर कर बसू शकतो. ऑस्ट्रेलियात माती, बिया, गवत यांवर कडक नजर असते: केरसुणी, दर्भासन घेऊच नका, बूट आणि पाटा-वरवंटा घासूनपुसून पाठवा.

शेवटी कोटेशन. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून बघाल तेव्हा आधी हे वाचा की भाव घरापासून घरापर्यंत आहे की घरापासून बंदरापर्यंत. स्वस्त वाटणारा आकडा पुष्कळदा दुसऱ्या प्रकारचा असतो. तिकडच्या बंदराची हाताळणी, कागदपत्रं, गोदामाचं भाडं, मजले चढवणं हे सगळं नंतर डॉलरमध्ये मागितलं जातं, आणि सामान त्यांच्या ताब्यात असल्यानं तुम्ही नाही म्हणू शकत नाही. कंपनीकडे फिडी किंवा आयएएम या मूव्हर्सच्या आंतरराष्ट्रीय संघटनांचं सदस्यत्व असेल तर ते संघटनेच्या संकेतस्थळावर पडताळा, व्हिजिटिंग कार्डावर नाही.

विमा काढाच, आणि त्यात 'जनरल अॅव्हरेज' धरलं आहे का ते विचारा. जहाज वाचवायला झालेला खर्च सगळ्या मालधन्यांनी वाटून घ्यायचा असा समुद्री कायद्यातला जुना नियम आहे. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे कंटेनर जहाज सुएझ कालव्यात अडकलं तेव्हा जहाजाच्या मालकांनी तो लावला होता. विमा नसेल तर अशा वेळी आपला वाटा भरल्याशिवाय सामान सुटत नाही. शिवाय तुम्ही स्वतः भरलेल्या खोक्यातली वस्तू फुटली तर बहुतेक विमे भरपाई देत नाहीत. काचेची आणि चिनीमातीची भांडी कंपनीच्या माणसांकडूनच बांधून घ्या, समोर उभं राहून, आणि प्रत्येक खोक्याचा क्रमांक यादीत टाकून तिच्यावर त्यांची सही घ्या.