‘सर्व मॉडेलना बसते’ म्हणून विकलं जाणारं कॅमेरा कव्हर

खिशात मावणाऱ्या झूम कॅमेऱ्याचं कव्हर घेताना गंडवलं जातं ते बहुतेक वेळा जाडीत. लांबी-उंची सगळे बघतात. जाडी कुणी विचारत नाही आणि विकणाराही आपणहून सांगत नाही.

सोनीची आरएक्स१०० मालिकाच घ्या. २०१२ चं पहिलं मॉडेल १०१.६ मिमी लांब, ५८.१ मिमी उंच आणि ३५.९ मिमी जाड. २०१९ चं सातवं मॉडेल लांबी-उंचीत दशांशासकट तेच, जाडी मात्र ४२.८ मिमी. समोरून काढलेल्या फोटोत दोन्ही जुळे भाऊ. पहिल्या मॉडेलच्या मापाचा पडून राहिलेला माल ‘आरएक्स१०० सर्व मॉडेल’ म्हणून खपवायला हा ७ मिमीचा घोळ पुरेसा आहे.

ऑनलाइन यादीत व्यवहार साधारण असा दिसतो. किंमत ३९९, शेजारी खोडलेली १,९९९. फोटोत कव्हर उघडं आणि आत कॅमेरा. नीट बघितलं तर अस्तरावर कॅमेऱ्याची सावली पडलेली नसते, कारण तो तिथे कधी ठेवलेलाच नसतो, नंतर चिकटवलेला असतो. खाली माप : १३ × ९ × ५ सेमी. कॅमेरा ४.२८ सेमी जाड, कव्हर ५ सेमी, म्हणजे आरामात बसेल असं वाटतं. पण हे बाहेरचं माप. कडक ईव्हीए फोम आणि अस्तर मिळून एकेक भिंत ५ मिमीची धरली, तरी दोन्ही बाजूंचा १ सेमी गेला. आत उरले ४० मिमी. शिवाय झाकणाच्या आतल्या जाळीच्या खिशात जादा बॅटरी ठेवली की तीही कॅमेऱ्यावरच दाबली जाते.

खरी गोम पुढे आहे. कव्हर लहान असूनही चेन लागते. ईव्हीए थोडा वाकतो, जोर लावून ओढली की चेन बंद होते आणि घेणारा ‘फिट बसलं’ म्हणून खूश. आता तो कॅमेरा आत कायम दाबाखाली. पॉवरचं बटण वरच्या बाजूला असतं. बॅग बसमध्ये मांडीवर घट्ट धरली किंवा वरून डबा टेकला, की बटण दाबलं जातं. कॅमेरा सुरू होतो, लेन्स बाहेर यायला बघते आणि समोर कव्हरची भिंत. मोटर ढकलत राहते. लेन्सच्या नळ्या एकात एक सरकतात त्या प्लास्टिकच्या बारीक गिअरवर आणि खाचांत फिरणाऱ्या छोट्या खिळ्यांवर. गिअरचा दात तुटतो, नाहीतर खिळा खाचेतून निसटतो. मग पडद्यावर ‘लेन्स एरर’ आणि लेन्स अर्धवट बाहेर, वाकडी. आरएक्स१०० च्या तिसऱ्या मॉडेलपासून आणखी एक वाट आहे : बाजूचा छोटा खटका सरकला की व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची छोटी खिडकी) वर येतो आणि त्याबरोबर कॅमेराही सुरू होतो. तंग कव्हरमध्ये कॅमेरा कोंबताना बोट नेमकं तिथेच जातं. नुकसान चारशे रुपयांचं नसतं ते यामुळे. शिवाय बाहेरच्या दाबाने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही.

म्हणून माप स्वतः घ्यायचं. कंपनीने दिलेल्या मापात पट्ट्याची कडी, डायल अशी बाहेर आलेली अंगं बहुधा धरलेली नसतात. पट्टी लावून, लेन्स मिटलेली असताना, सगळ्यात जाड जागी मोजा. विकणाऱ्याला ‘आतलं माप मिमीमध्ये किती’ एवढंच विचारा आणि उत्तर तिथल्या तिथे लेखी घ्या. आतली जाडी कॅमेऱ्यापेक्षा २-३ मिमी जास्त आणि लांबी-उंची ४-५ मिमी जास्त, हे बरं माप. सेंटिमीटरभर सैल असेल तर कॅमेरा आत आपटत राहतो. दुकानात कॅमेरा न्यायचा नसेल तर पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवून त्याच मापाचा ठोकळा करा. चेन दोन बोटांनी, न ओढता बंद झाली पाहिजे. चेनच्या आतून कापडाची पट्टी शिवलेली हवी, नाहीतर तिचे दात मागच्या पडद्यावर रेघा ओढतात.

दुसरा हमखास माल म्हणजे हार्ड डिस्कचा पाउच. अडीच इंची डिस्क जेमतेम १५-२० मिमी जाड असते, तिच्यासाठीचा उथळ पाउच ‘डिजिटल कॅमेरा केस’ म्हणून विकतात. आत मधोमध रुंद इलॅस्टिकचा पट्टा दिसला तर तो डिस्क धरायला आहे. कॅमेरा ठेवला तर तो थेट लेन्सवर येतो.

‘वॉटरप्रूफ आयपी६७’ हा तर उघड खोटेपणा. ६७ म्हणजे धूळ अजिबात शिरत नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं राहिलं तरी आत पाणी नाही. साधी चेन लावलेल्या, सुईने शिवलेल्या पाउचला ते जमणं शक्य नाही, शिवणीची भोकंच पाणी आत नेतात. फार तर पावसाच्या चार थेंबांपुरतं. नळाखाली धरून बघायचा मोह आवरा, ओला माल ‘वापरलेला’ म्हणून परत घेत नाहीत. ‘अस्सल लेदर’ची परीक्षा कापलेल्या कडेला होते : कडेला विणलेलं कापड दिसलं की ते रेक्झिन किंवा पीयू, म्हणजे कृत्रिम चामडं. कोकणातल्या, मुंबईतल्या दमट हवेत पीयूचे एक-दोन वर्षांत पोपडे निघायला लागतात. आणि कव्हर चांगलं असलं तरी पावसाळ्यात कॅमेरा त्यात महिनोन्महिने कोंडून ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा.

परत करताना दुसरा अंक सुरू होतो. ‘७ दिवसांत रिप्लेसमेंट’ म्हणजे पैसे परत नव्हेत, तेच कव्हर पुन्हा. तक्रार केली की ‘दोन दिवस वापरून बघा, सैल होईल’ असं सांगतात आणि मुदत उलटते. पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओ, कव्हरच्या आत मोजपट्टी धरून काढलेला फोटो आणि यादीच्या पानाचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी घेऊन ठेवा, कारण तक्रारीनंतर यादीतला मजकूर बदलतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. दाद लागली नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते.

सोशल मीडियावर विक्रेत्याच्या नावाने आरडाओरडा केलात तर थोड्याच वेळात ‘कस्टमर केअर’चा फोन येऊ शकतो : रिफंडसाठी एक ॲप टाका, यूपीआयचा पिन टाका. पैसे यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे तुमच्याच खात्यातून जाणार आहेत. पैसे गेलेच तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला; जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधल्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त.