नवीन म्हणून बसवलेल्या पट्ट्या माझ्याच जुन्या निघाल्या

माझ्या 2010 सालच्या बोलेरोच्या बंपरवरील आणि दारांखालील काळ्या प्लास्टिक पट्ट्या बदलून देतो असे सांगून तालुक्याच्या गावातील एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून 16,500 रुपये घेतले आणि माझ्याच जुन्या पट्ट्या काळ्या करून पुन्हा गाडीला ठोकल्या. हे लिहिताना अजूनही संताप होतो आणि चारचौघांत सांगण्याची लाजही वाटते, तरी लिहितो, कारण आमच्या भागात दारोदारी जुन्या गाड्या उभ्या आहेत आणि त्या माणसाचे दुकान अजून सुरू आहे.

चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. असल्या उन्हात अंगणात उभ्या राहणाऱ्या गाडीचे न रंगवलेले प्लास्टिक पांढुरके पडून तडकते, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पुतण्याचे लग्न मे महिन्यात होते आणि वरात याच गाडीतून निघायची होती. गॅरेजवाल्याने पट्ट्यांचे 11,800, बंपरला प्रायमर व रंग देण्याचे 3,200 आणि मजुरीचे 1,500 असा हिशेब एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहून दिला. त्यावर दुकानाचे नाव नव्हते, जीएसटी क्रमांक नव्हता, सहीसुद्धा नव्हती. 7,000 रुपये मी यूपीआयने दिले, पण ते त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याच एका नावाच्या खात्यावर गेले. उरलेले 9,500 त्याने रोखच मागितले. दुकानाचे नाव आणि खात्याचे नाव जुळत नसेल, तर एक रुपयाही पाठवू नका.

गाडी ताब्यात घेतानाचा तो क्षण मनातून जात नाही. समोरच्या पट्टीचे उजव्या टोकाचे भोक फार पूर्वी बैलबंडीचा दांडा लागून फाटलेले होते. नव्या म्हणवल्या जाणाऱ्या पट्टीवर नेमके त्याच जागी रुपयाच्या नाण्याहून मोठे वायसर (स्क्रूखाली बसणारी चकती) बसवलेले होते, आणि बाकी कोणत्याही स्क्रूला तसे वायसर नव्हते. मी विचारलेही. "मजबुतीसाठी लावलं, सायेब," तो म्हणाला. पट्टीवरून हात फिरवला तेव्हा बोटांना काळे लागले, त्याचेही उत्तर तयार होते: "नवीन मालाले कंपनीचं तेल राह्यते, दोन दिवसात जाते." ते वायसर तिथेच काढायला लावले असते तर सगळे उघडे पडले असते. परंतु तिन्हीसांज झालेली, गावातील वीज गेलेली, घरी पाहुणे उतरलेले आणि लग्न दोन दिवसांवर आलेले. अशा वेळी मोबाइलच्या उजेडात स्क्रू मोजत बसणारा माणूस मला दाखवावा. शिवाय मी विचारले होते, आणि विचारणाऱ्याला तोंडावर खोटे सांगण्यात आले होते.

मृगाच्या पहिल्या सरीत पट्ट्यांवरचा काळा थर ओघळून दारावर उतरला. बंपरचा रंग नखाने पापुद्र्यासारखा सुटू लागला, कारण बंपरच्या पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकवर प्लास्टिकसाठीचा खास प्रायमर न देता रंग मारला तर तो धरतच नाही. प्रायमरचे पैसे मात्र माझ्याकडून पुरते वसूल झालेले होते. एका ओळखीच्या मेकॅनिकने पट्टी खोलून उलटी केली. आतल्या बाजूला साच्याचा वर्तुळाकार छाप असतो, त्यात बाण महिन्याकडे असतो आणि मधोमध साल असते. ते साल 2010 होते. नवीन पट्टी घेताना हा छाप आधी पाहा आणि जुनी पट्टी हातात घेतल्याखेरीज पैसे देऊ नका.

त्यानंतर जे झाले ते अधिक मनस्ताप देणारे आहे. पोलीस ठाण्यात मला बाकावर ताटकळत ठेवून शेवटी "ही दिवाणी बाब आहे, आपसात मिटवा" असे सांगण्यात आले. जुना माल नवा म्हणून विकणे ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालील फसवणूक आहे, असे मी म्हणालो तेव्हा समोरच्या हवालदाराने मान वर केली नाही. परिवहन कार्यालयात गेलो, तेथे गॅरेज आमच्या अखत्यारीत नाही हे उत्तर मिळाले. तहसीलमध्ये अर्ज घेतला, पोच दिली नाही. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न होता, पक्के बिल कुठे आहे? बिल न देणे हीच ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ज्याने ते दिले नाही त्याला कोणी जाब विचारत नाही. ज्याला मिळाले नाही त्यालाच गुन्हेगारासारखे उभे केले जाते. शेतकऱ्याचा रोजगार बुडतो, एसटीचे भाडे जाते, आणि साहेब जेवायला गेलेले असतात.

ठाण्याने तक्रार घेतली नाही तर ती लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. मी पाठवली आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी आणि 2010 च्या छापाचे फोटो जोडून मी तेथे 16,500 रुपये व खर्च मागितला आहे. गॅरेजवाल्याला पाठवलेली नोटीस न स्वीकारता परत आली. आपली गाडी सध्या अशा कोणाकडे उभी असेल, तर आजच जाऊन जुने भाग ताब्यात मागा.