होज रील की मोठा होज? जिन्यातल्या लाल पेटीतलं काय वापरायचं

उंच इमारतीच्या जिन्याशेजारी दोन गोष्टी असतात. एक, लाल ड्रमला गुंडाळलेली बोटभर जाडीची रबरी नळी, म्हणजे होज रील. दुसरी, काचेच्या पेटीतला ६३ मिमी व्यासाचा चपटा कापडी होज आणि त्याची पितळी ब्रांच, म्हणजे टोकाला लावायचं धार सोडणारं तोंड.

रहिवाशांसाठी माझं मत सरळ आहे: रीलच. व्हॉल्व्ह उघडायचा, हवी तेवढीच नळी ओढायची, टोकाचा नॉझल फिरवला की पाणी सुरू. ड्रमवर अर्धी नळी शिल्लक असली तरी चालतं. एकटा माणूस सांभाळू शकतो. गादी, पडदा, कचऱ्याचा डबा पेटला तर एवढं पुरे. विजेच्या आगीवर मात्र पाणी नको, आधी मेन स्विच बंद.

मोठ्या होजचं तसं नाही. तो आधी पूर्ण उलगडावा लागतो, लँडिंग व्हॉल्व्हला, म्हणजे मजल्यावरच्या पाण्याच्या तोटीला, कपलिंग (होजच्या टोकाचा जोड) ‘खट्’ बसवावं लागतं, मग पाणी. कुठे पीळ राहिला की धार अडते. पाणी आलं की होज ताठ होतो आणि ब्रांच मागे रेटते; किमान दोघं लागतात, तीही सराव असलेली. पण फ्लॅटच पेटला असेल तर रीलची धार अपुरी पडते. तिथे हाच होज, आणि तो अग्निशमन दलाच्या जवानांच्याच हाती शोभतो. तुम्ही खाली उतरा, १०१ लावा.

महाराष्ट्रात या यंत्रणेची तपासणी दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून होते. तपासणीच्या कागदावर सही करण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींनी रीलमधून पाणी सोडून बघावं. ब्रांच जागेवर आहे का तेही, कारण पितळेला भंगारात भाव मिळतो!