मीटरवर ४१५ दिसले आणि मी सही केली

जनरेटरचा अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) भरायला, म्हणजे त्यात नवं वाइंडिंग घालायला दिला आणि फसलो. फसलो ते असा की व्होल्टमीटर, मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर), फील्डचा (रोटरमधल्या चुंबकाचा) करंट, सगळ्यांनी भरणाऱ्याचीच बाजू घेतली. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे दोन जुळे जनरेटर आहेत. चार पोल (चुंबकाचे ध्रुव), ४८ स्लॉट (कॉइल बसवायच्या खाचा), एकाच घडणीचे. त्यातल्या एकाचा स्टेटर (वाइंडिंग असलेला स्थिर भाग) जळला. वाइंडरला म्हटलं, "होतं तसंच भरा." "डाटा काढून घेतो साहेब, काळजी करू नका," म्हणत तो मशीन घेऊन गेला. जुनं वाइंडिंग भट्टीत जाळून, उपटून, तांबं भंगारात गेलंसुद्धा. तोवर मी स्टेटरमध्ये डोकावूनही पाहिलं नव्हतं. पहिली चूक ती, आणि बाकीच्या सगळ्या तिच्या पोटातल्या.

चाचणी माझ्यासमोर झाली. मेगर उत्तम, तिन्ही फेजमध्ये ४१५. आता एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारा रेग्युलेटर) जोडलेला असताना ४१५ दिसण्याला काही अर्थ नसतो. वेढे कमी असले तर तो फील्ड वाढवून व्होल्टेज आणून देतोच. एवढं मला कळत होतं, म्हणून लोड नसतानाचा फील्ड करंट जुन्या टेस्ट रिपोर्टशी ताडून पाहिला. तोही जुळला. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी सही केली.

फेज-न्यूट्रल मीटरवर २४२ दिसत होते. ४१५ ला १.७३२ ने भागलं तर २४० यायला हवेत. दोन व्होल्टसाठी कोण कटकट करतं? मीही नाही केली.

मशीन एकटं चाललं तोवर ठीक होतं. एक दिवस दोन्ही सेट सिंक करून, म्हणजे एकत्र जोडून चालवले आणि पॅनेलमधून जळकट वास यायला लागला. न्यूट्रलची पट्टी काळवंडली होती. लोड अनबॅलन्स असेल असं सगळ्यांचं मत पडलं. म्हणून बाहेर जाणारे सगळे ब्रेकर पाडले. लोड शून्य, आणि न्यूट्रलवर लावलेला क्लॅम्प मीटर ११० अँपिअर दाखवतोय! त्याच मीटरचं फ्रीक्वेन्सीचं बटण दाबलं. ५० हर्ट्झ नव्हे, १५०. तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रीक्वेन्सीच्या तिप्पट फ्रीक्वेन्सीची लहर.

टॉर्च घेऊन दोन्ही मशीनची झाकणं उघडली आणि बोटानं स्लॉट मोजत गेलो. चांगल्या मशीनमध्ये कॉइल पहिल्या स्लॉटमधून निघून नवव्यात उतरत होती. भरून आलेल्यात अकराव्यात.

या मशीनमध्ये एका पोलखाली १२ स्लॉट येतात. कॉइल १ ते १३ टाकली तर फुल पिच (पूर्ण पल्ला), म्हणजे दोन्ही बाजूंच्या व्होल्टेजची पुरती बेरीज. पल्ला कमी केला की दोन्ही बाजूंची व्होल्टेज एकमेकांच्या मागेपुढे होतात आणि बेरीज घटते. १ ते ९ म्हणजे दोन तृतीयांश पिच, त्यात ०.८६६ पटच व्होल्टेज हाती लागतं, पण तिसरा हार्मोनिक पार शून्य होतो. मशीन बनवणाऱ्यानं ते व्होल्टेज मुद्दाम सोडलेलं असतं. १ ते ११ ला हा आकडा ०.९६६ होतो, म्हणजे व्होल्टेज जास्त मिळतं, आणि तिसरा हार्मोनिकही जिवंत राहतो. लाइन-टू-लाइन मोजताना तो आपोआप कटतो, म्हणून ४१५ स्वच्छ दिसतात. दिसतो तो फक्त फेज-न्यूट्रलमध्ये, त्या माझ्या दोन व्होल्टमध्ये. आणि शेजारी दोन तृतीयांश पिचचं मशीन जोडलं की न्यूट्रलमधून फिरायला लागतो.

आता लबाडी बघा. मूळ कॉइलला दहा वेढे होते. १० गुणिले ०.८६६ म्हणजे ८.६६. यानं नऊ घातले. ९ गुणिले ०.९६६ म्हणजे ८.६९. फील्ड करंट जुळणारच! हिशेब इतका चोख की मला रागाआधी क्षणभर कौतुकच वाटलं.

त्याला फोन केला तर म्हणतो, "व्होल्टेज बरोबर आहे ना साहेब? ही पिच तर मोठ्या मशीनला असते." तसं ते खोटं नाही. पाच षष्ठांश पिच पाचवा आणि सातवा हार्मोनिक छान दाबते, ती वाईट मुळीच नाही. पण न सांगता बदलायची, बिलात "मूळ डाटाप्रमाणे" लिहायचं आणि तांब्याचं वजन पूर्ण लावायचं, याला काय म्हणायचं?

तांब्याच्या वजनाचा संशय रेझिस्टन्समुळे आला. सकाळी दोन्ही मशीन थंड असताना फेजचा रेझिस्टन्स मोजला, तर भरलेल्याचा जवळपास एक तृतीयांशानं जास्त. वेढे कमी आणि रेझिस्टन्स जास्त? कॉइलचा पल्ला वाढल्यानं तार थोडी लांबते खरी, पण एवढी नाही. म्हणजे तांबंच कमी असणार.

तुम्ही भरायला देणार असाल तर जाळण्याआधी स्वतः स्लॉट मोजा, ओव्हरहँगचे (स्लॉटबाहेर राहणाऱ्या कॉइलच्या टोकांचे) फोटो काढा, आणि एक जुनी कॉइल कापून स्वतःकडे ठेवा. कापलेल्या तोंडाशी वेढेही मोजता येतात आणि एका वेढ्यात किती तारा आहेत तेही. परत आल्यावर लाइन आणि फेज दोन्ही व्होल्टेज ट्रू आरएमएस मीटरनं घ्या आणि भागाकार करा.

आम्ही ते मशीन दुसरीकडे नव्यानं भरायला दिलं. या वेळी मी तिथेच उभा राहिलो. त्या माणसानं एक कॉइल छिन्नीनं कापली. स्लॉटमधली रिकामी जागा कागदाच्या जाड पट्ट्यांनी भरलेली होती. मूळ डाटाप्रमाणे दहा वेढे, प्रत्येकात चार तारा, म्हणजे ४० टोकं निघायला हवी होती. आम्ही दोघांनी दोनदा मोजली. २७ निघाली.