छोटा फोन हवाय? इंच नको, रुंदी बघा

दुकानात ‘कॉम्पॅक्ट’ म्हटलं की आता ६.२-६.३ इंची फोन समोर येतात. इंचांवर जाऊ नका. अंगठा पलीकडच्या कडेला पोहोचणार का, ते रुंदीवर ठरतं. आयफोन १३ मिनी ६४.२ मिमी रुंद, गॅलेक्सी एस२५ ७०.५, वनप्लस १३एस ७१.७. फरक सहा-सात मिलिमीटरचाच, पण लोकलमध्ये एका हाताने हँडल धरून दुसऱ्याने टाइप करताना तो चांगलाच जाणवतो.

खरा छोटा यांत मिनीच. वजन फक्त १४१ ग्रॅम, कुर्त्याच्या खिशातही ओझं वाटत नाही. (बायकांच्या कपड्यांना मुळात खिसेच नसतात, तो वेगळा विषय.) पण ॲपलने २०२२ मध्ये मिनीऐवजी ६.७ इंची प्लस आणला आणि २०२३ मध्ये १३ मिनीही बंद केला. असूसनेही ५.९ इंची झेनफोन १० नंतर थेट ६.७८ इंची ११ अल्ट्रा काढला. छोटा फोन मागणारे पुष्कळ, विकत घेणारे थोडे. त्यात बनवणाऱ्याची अडचण अशी की फोन लहान केला तरी कॅमेरा आणि प्रोसेसरला जागा जवळपास तेवढीच लागते. मग कात्री लागते बॅटरीला. दिवसभर नकाशे आणि हॉटस्पॉट चालवणाऱ्याने मिनी घेऊ नये. शिवाय तो आता सेकंड-हँड किंवा रिफर्बिश्डच मिळणार, चार्जिंगला जुनी लाइटनिंग केबल. घ्यायचाच असेल तर सेटिंगमध्ये बॅटरीची कमाल क्षमता बघा; ८० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च किमतीत धरूनच घासाघीस करा.

वनप्लसने बॅटरीचा प्रश्न तेवढ्याच जागेत जास्त चार्ज साठवणाऱ्या सिलिकॉन-कार्बन बॅटरीने सोडवला: ५८५० एमएएच. पण वजन १८५ ग्रॅम, अल्ट्रावाइड (रुंद दृश्य टिपणारा) कॅमेरा नाही, वायरलेस चार्जिंगही नाही. हातात घेतलात की छोटा वाटेलच असं नाही.

एस२५ मध्ये ४००० एमएएचच आहे आणि चार्जिंग २५ वॅटचं, म्हणजे आजच्या मानाने संथ. तरी १६२ ग्रॅम वजन, जेमतेम ७.२ मिमी जाडी, अल्ट्रावाइड आणि ३ पट झूम दोन्ही, वर सात वर्षं अपडेट. नवा, वॉरंटीतला फोन हवा असेल तर मी हाच घेईन. चार्जर रात्रीच आठवणाऱ्यांनी मात्र वजन सोसून वनप्लस घ्यावा.