फोनवरचा दवाखाना आणि बोटावरचा ऑक्सिमीटर : दीड वर्ष वापरल्यानंतर

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचा दवाखाना आहे. केसपेपर आजही कागदाचेच. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी लागली, बाकडी ओस पडली आणि फोन मात्र दिवसभर वाजू लागला. ही गोष्ट नोव्हेंबर २०२१ पर्यंतची. मधल्या काळात जे काही वापरलं त्याचा हा अनुभव, इतर फॅमिली डॉक्टरांना आणि रुग्णांच्या घरच्यांना उपयोगी पडावा म्हणून लिहितेय.

आधी फोनवर औषध सांगायचीसुद्धा भीती वाटायची. रत्नागिरीतल्या, फोनवर औषध सांगितल्याच्या एका प्रकरणात २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टर दांपत्याला अटकपूर्व जामीन नाकारला, तेव्हापासून आम्ही सगळेच धास्तावलो होतो. २५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि पायाखाली जमीन आली. पॅरासिटामॉल, ओआरएससारखी औषधं साध्या फोनवर सांगता येतात. काही औषधं पहिल्या भेटीत फक्त व्हिडिओवर पाहूनच द्यायची, काही फक्त आधी तपासलेल्या रुग्णाला, आणि एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालची अजिबात नाहीत. टाळेबंदीत झोपेच्या गोळ्यांसाठी इतके फोन यायचे की हा शेवटचा नियम मला रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगावा लागला. चिठ्ठीवर सही आणि नोंदणी क्रमांक घालून फोटो पाठवला की तो चालतो, हे गावातल्या औषध दुकानदारांच्या गळी उतरायला मात्र महिना गेला.

सुरुवातीला पैसे भरून एक ॲप घेतलं होतं. दोन महिन्यांत बंद केलं. ओटीपी, पासवर्ड, ऑनलाइन पैसे, एवढं सगळं सत्तरीच्या आजीला जमणार कसं? व्हॉट्सॲप तिच्या नातवाला येत होतं, तेच कामी आलं. ज्यांचा नेहमीचा डॉक्टर लांब होता त्यांना सरकारच्या ई-संजीवनी ओपीडीचा पत्ता द्यायचे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेली ती सेवा मोफत आहे. तिथेही ओटीपी लागतो, पण घरात कुणी शिकलेलं असेल तर निभतं.

व्हिडिओबद्दल माझं मत आता पक्कं आहे. बीपी-शुगरच्या जुन्या रुग्णांना तो उत्तम, कारण त्यांचं शरीर मला आधीच ठाऊक असतं. नवीन दुखण्याला तो अपुरा पडतो. एका दहा वर्षांच्या मुलाचं पोट मी आईला दाबायला सांगितलं. ती म्हणाली, "फार नाही दुखत, मॅडम." मी औषध सांगून उद्या कळवा म्हटलं. सकाळी त्याला उचलून आणावं लागलं, अपेंडिक्स निघालं. मुलगा बरा आहे, पण त्या दिवसापासून पोटदुखी, कानदुखी आणि लहान मुलाची धाप यांना फोनवर मी एकच उत्तर देते : घेऊन या.

खरा आधार दिला तो रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरने. दवाखान्यातर्फे मी सहा घेतले आणि घरी विलगीकरणात असलेल्यांना आळीपाळीने दिले. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघरी पथकं फिरली होती, त्यामुळे ऑक्सिजनचे ९४-९५ टक्के हे धोक्याच्या सीमेवरचे आकडे लोकांना ओळखीचे झाले होते. तरी मोजायचं कसं हे शिकवावंच लागतं. नखांचा रंग काढा, हात गार असतील तर चोळून गरम करा, हात टेकवून पाच मिनिटं स्वस्थ बसा आणि आकडा स्थिर झाल्यावरच लिहा. नुसता बसल्याजागचा आकडाही पुरत नाही. एप्रिल २०२१ मध्ये पन्नाशीतल्या एका मधुमेही रुग्णाचा आकडा ९६ होता, बोलणं ठणठणीत. घरातल्या घरात सहा मिनिटं चालायला लावलं तर ९० वर आला. "मला काहीच होत नाहीये," असं म्हणत होते ते. दुपारपर्यंत त्यांना ऑक्सिजनचा बेड मिळाला आणि अकरा दिवसांनी चालत घरी आले. चालून मोजलं नसतं तर आणखी दोन दिवस आम्ही घरीच काढले असते, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

या यंत्रालाही मर्यादा आहेत. गडद त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, असं अमेरिकेतल्या अभ्यासात डिसेंबर २०२० मध्ये आलं. म्हणून ९४ दिसलं आणि धाप असली तर मी आकड्यापेक्षा धापेवर विश्वास ठेवते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने ऑक्सिजन मोजणारी ॲप मात्र कुणीही वापरू नयेत. दुसऱ्या लाटेत ऑक्सिमीटरचे भाव अवाच्या सवा चढले होते. जुलै २०२१ मध्ये सरकारने त्यावरच्या नफ्यावर मर्यादा घातली.

सकाळ-संध्याकाळ फोन करून ताप, नाडी, ऑक्सिजन वहीत उतरवायचं काम आमची सिस्टर करते. दुसऱ्या लाटेत या यादीत एका वेळी चाळीस नावं असायची. आता तीच वही मधुमेहींच्या शुगरसाठी चालू आहे.

सहापैकी चार ऑक्सिमीटर परत आले. दोन दम्याच्या रुग्णांकडेच राहिलेत, ते मी मागितले नाहीत. बॅटरी वेळच्या वेळी बदला, एवढं सांगून ठेवलंय.